लिव्हरच्या गाठीची बायोप्सी देताना जुनी फाइल का मागतो

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लिव्हरची बायोप्सी आली की तिसऱ्या दिवसापासून नातेवाईकांचे फोन सुरू होतात, रिपोर्ट अजून का नाही, हे मार्कर (पेशी कुठल्या अवयवाच्या ते ओळखायला टिश्यूच्या कापावर लावायच्या रंगाच्या टेस्ट) कशाला लावताय, गाठ लिव्हरमध्ये आहे हे सोनोग्राफीत दिसलंच आहे मग अजून काय शोधताय. त्यांची काळजी समजते, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

लिव्हरमध्ये दिसलेली गाठ लिव्हरचीच असेल असं नाही. लिव्हरच्या स्वतःच्या मुख्य पेशींपासून होतो तो हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, आणि लिव्हरच्या आतल्या पित्तनलिकांच्या अस्तरापासून होतो तो इंट्राहिपॅटिक कोलॅन्जिओकार्सिनोमा, लिव्हरमध्येच सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये याचा नंबर दुसरा. पण आतडं, जठर, स्वादुपिंड, फुफ्फुस, स्तन इथले कॅन्सरही लिव्हरमध्ये पसरतात आणि तिथे गाठी करतात.

पहिल्या दोघांतला फरक सहसा कळतो, कारण हेपपार आणि आर्जिनेज हे मार्कर लिव्हरपेशीच्या कॅन्सरमध्ये रंगतात आणि पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये सीके ७, सीके १९ रंगतात. खरी पंचाईत पुढे आहे. पित्तनलिकेचा कॅन्सर म्हणजे अडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथी तयार करणारा कॅन्सर, वेड्यावाकड्या ग्रंथी आणि त्यांच्याभोवती भरपूर चिवट तंतुमय टिश्यू, आणि स्वादुपिंडातून किंवा पित्ताशयातून पसरलेला कॅन्सर मायक्रोस्कोपखाली अगदी तसाच दिसू शकतो, तोही सीके ७ आणि सीके १९ ला पॉझिटिव्ह येतो. सीडीएक्स २ आतड्याकडे इशारा देतो, टीटीएफ १ फुफ्फुसाकडे, पण स्वादुपिंड की पित्तनलिका याचा खात्रीने निकाल लावणारा मार्कर नाही. तिथे सीटी स्कॅन, एमआरआय, एंडोस्कोपी आणि पेशंटची हिस्ट्री हेच कामाला येतं. म्हणूनच रिपोर्टच्या शेवटी "स्कॅनशी ताडून पाहावे" असं लिहितो, ती अंग काढून घेण्याची ओळ नाही हो, तपासणीचाच भाग आहे तो.

आणि नेमकं इथेच वेळ जातो. फॉर्मवर फक्त "लिव्हर मास" एवढंच लिहिलेलं असतं, सोबत एक कागद नाही. आठ वर्षांपूर्वी स्तनाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेलं असतं पण तो विषय संपला असं घरच्यांना वाटतं म्हणून कोणी सांगत नाही, आणि आम्ही विचारायला फोन करावा तर फॉर्मवरचा नंबर भलत्याचाच निघतो. प्लीज, संपलेला विषयसुद्धा सांगा. आधीचा कुठलाही कॅन्सर, पित्तनलिकेतले खडे, हिपॅटायटीस, सिरॉसिस, सगळं. जुन्या ऑपरेशनचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला टिश्यू) मिळाला तर फारच उत्तम, दोन्ही शेजारी ठेवून बघता येतात.

सुईने काढलेला तुकडा दोऱ्याएवढा बारीक असतो आणि प्रत्येक मार्करला त्यातला एक काप जातो. हिस्ट्री माहीत असेल तर मोजक्या मार्करमध्ये भागतं, नसेल तर अंधारात चाचपडत सगळे लावायचे आणि ब्लॉक संपवायचा. पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये हे फार महाग पडतं, कारण २०१९ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात त्याचे स्मॉल डक्ट (बारीक नलिकांचा) आणि लार्ज डक्ट (मोठ्या नलिकांचा) असे दोन प्रकार केलेत आणि स्मॉल डक्ट प्रकारात आयडीएच १ आणि एफजीएफआर २ या जीन्समधले बदल जास्त सापडतात, त्यांच्यावर टार्गेटेड, म्हणजे नेमक्या त्या बदलावर काम करणारी, औषधं आहेत. टिश्यूच उरला नाही तर त्या टेस्टसाठी पेशंटला परत सुई टोचावी लागते. म्हणून आम्ही मार्कर टप्प्याटप्प्याने लावतो आणि जीन टेस्टसाठी काप आधीच बाजूला ठेवतो, त्यात एक-दोन दिवस जास्त लागतात. नुसतं "अडिनोकार्सिनोमा" लिहून लवकर मोकळं होता येईल, पण त्यावरून ऑन्कॉलॉजिस्ट उपचार कसे ठरवणार?

रक्तातला सीए १९-९ हा मार्कर वाढलाय म्हणजे कॅन्सर नक्की, असंही बरेच जण धरून चालतात. खड्यांनी पित्त अडलं तरी तो वाढतो.

सॅम्पल फॉर्मलिनमध्येच पाठवा, सलाइन किंवा पाण्यात नको, टिश्यू खराब होतो. दुसरीकडे रिपोर्ट झाला असेल आणि आमचं मत हवं असेल तर नुसता रिपोर्टचा फोटो चालत नाही, स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही आणा, काम झालं की ब्लॉक परत देतो. स्कॅनचे रिपोर्ट आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर टाकले तरी चालतील. रिपोर्ट हातात आल्यावर काही कळलं नाही तर फोन करा, ज्यांनी स्लाइड बघितली त्याच डॉक्टर तुमच्याशी बोलतील.