सोवळे

सोवळे : विधी, स्वयंपाक व भोजन यांसाठी पाळायची शुचिता, ती पाळताना नेसायचे वस्त्र, लक्षणेने, आचरणातील कडक निष्कलंकता. विरुद्धार्थी शब्द ओवळे.

कर्मकांडातला अर्थ मूळचा आणि नैतिक अर्थ त्यावरून नंतर आला, असे सामान्यतः धरले जाते. मात्र चोखामेळ्याच्या (मृ. 1338) नावावरील अभंगांत विटाळातून सुटलेला सोवळा नेमका कोण, हा प्रश्न आधीच विचारलेला आढळतो. अभंगांची उपलब्ध संहिता उत्तरकालीन असल्याने त्यावरून काळ ठरवणे धाडसाचे. तरी दोन्ही अर्थ बराच काळ शेजारी नांदत असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सुती धोतर वा लुगडे धुऊन, कुणाचा हात लागणार नाही असे उंच वलणीवर काठीने वाळत घातले तरच ते सोवळ्याचे. स्पर्श झाला की पुन्हा धुणे आले. वाळलेले नसेल तर ओलेत्यानेच पूजा करीत. रेशमी कद, मुकटा, पीतांबर आणि लोकरीची धाबळी यांना रोजची धुलाई माफ असे. या सवलतीमागे शास्त्राइतकाच वस्त्राच्या किमतीचाही विचार असावा. नाशिक जिल्ह्यात येवल्याचे पीतांबर यासाठी प्रसिद्ध.

त्र्यंबकेश्वराच्या गर्भगृहात पुरुषांनी सोवळे नेसूनच जाण्याची रीत आहे. नाशिकच्या पंचवटीत मात्र सोवळ्याचा प्रश्न वस्त्रापुरता राहिला नाही. काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद ठेवण्यात आले. स्थानिक धुरा दादासाहेब गायकवाड यांनी पुढे काही वर्षे वाहिली, पण दरवाजे उघडले नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 रोजी, त्याच पीतांबरांच्या येवल्यात, ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा आंबेडकरांनी केली.

स्त्रीलिंगी ‘सोवळी’ या रूपाचा अर्थ वेगळाच रूढ झाला : केशवपन केलेली विधवा. येथे विधीची शुचिता आणि चारित्र्याची सक्ती एकाच देहावर लादलेली दिसते. विधुरासाठी असा शब्द घडला नाही.

आजचा नैतिक वापर बहुतेक उपरोधाचा : ‘फार सोवळेपणा मिरवू नका’, ‘या प्रकरणात कुणीच सोवळे नाही’. मूळ अर्थ श्राद्धाचा स्वयंपाक, गौरी-गणपती व देवळांचे गाभारे एवढ्यापुरता उरला आहे.