वांग्याच्या आकाराची मूस

उदगीरला आमच्या आत्याकडे बिदरी कामाचं पानदान होतं. काळंभोर, त्यावर चांदीची वेल. मला ते लोखंडाचं वाटायचं. ते जस्ताचं, त्यात थोडं तांबं, हे फार उशिरा कळलं.

जस्त मोठं लबाड. इतर खनिजं कोळशासोबत तापवली की धातू भट्टीतच राहतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि खनिजातून सुटायला त्याहून जास्त आच लागते. म्हणजे ते सुटतं तेच वाफ होऊन, आणि हवा लागली की जळून नुसती पांढरी भुकटी उरते. मग आपल्याकडे पूर्वी ते धरलं कसं?

याचं उत्तर रसायनज्ञ प्रफुल्लचंद्र राय यांना पोथीत सापडलं. १८६१चा जन्म, एडिंबराची डीएससी, कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक. पाऱ्यावर थंड, सौम्य नायट्रिक आम्ल ओतून त्यांनी मर्क्युरस नायट्राइट या पाऱ्याच्या संयुगाचे पिवळे स्फटिक मिळवले, ते १८९६ साली जाहीर झालं. फ्रेंच रसायनज्ञ बर्थेलो यांच्याशी पत्रव्यवहार झाला आणि राय रसशास्त्राच्या, म्हणजे पारा नि धातूंच्या जुन्या विद्येच्या, हस्तलिखितांकडे वळले. हिंदू रसायनशास्त्राच्या त्यांच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ साली आला, दुसरा १९०९ साली.

रसशास्त्राचा जुना ग्रंथ ‘रसरत्नसमुच्चय’ जस्तासाठी सांगतो: मूस, म्हणजे धातू तापवायचं भांडं, वांग्याच्या आकाराची घ्या, तिला बारा अंगुळं नळी, तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं पसरट. (दोन्ही उपमा आपल्या बांधावरच्या!) ज्योत निळी असते ती पांढरी झाली, की मूस सांडशीनं धरून उपडी करा. केवळ संस्कृत जाणणारा हे वाचून तसाच पुढे गेला असता. रसायनज्ञाला मात्र निळ्या ज्योतीत जळणारा कार्बन मोनॉक्साइड दिसतो, आणि पांढरीत जस्ताची वाफ. हे लिहिणारा भट्टीजवळ उभा राहिलेला असणार, असं मला तरी वाटतं.

मग हे ज्ञान खुंटलं कशामुळे? राय यांनी बोट ठेवलं जातिव्यवस्थेवर: हातानं काम करणारे एकीकडे, विचार करणारे दुसरीकडे. त्यांनी स्वतः हात राखले नाहीत. पुढे ‘बेंगॉल केमिकल’ झालेल्या उद्योगाच्या सुरुवातीला त्यांनी खाटकांकडून हाडं आणून फॉस्फेटसाठी घराच्या गच्चीवर वाळत घातली. कावळे जमले, वास सुटला आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली.