दाराच्या रंगातले सोयाबीन

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत दिवाळीआधी लाकडी दारांना ऑइल पेंटचा हात दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी तो वाळला असे आपण म्हणतो. पण टर्पेंटाइन उडून जाणे हा वाळण्याचा केवळ आरंभ आहे. टणक पापुद्रा बनतो तो हवेतला ऑक्सिजन शोषून, आणि ते काम त्यातले अल्किड रेझिन, म्हणजे राळेसारखा पदार्थ, करते. अल्कोहोल आणि ॲसिड या शब्दांवरून हे नाव रॉय कीनले यांनी १९२०च्या दशकात रूढ केले.

यातले अल्कोहोल म्हणजे बहुधा ग्लिसरॉल. त्याला तीन हायड्रॉक्सिल गट, म्हणजे जोडणीचे तीन हात असतात. ॲसिडची बाजू सांभाळणाऱ्या थॅलिक अनहायड्राइडला दोन. एवढेच दोन पदार्थ एकत्र तापवत राहिले तर सर्व दिशांनी जाळे विणले जाऊन भांड्यातच न विरघळणारा गोळा होतो. म्हणून तिसरा घटक लागतो, तेलातले मेदाम्ल. त्याला मात्र एकच हात असतो. त्याचा कार्बोक्झिल गट ग्लिसरॉलच्या एका हाताशी एस्टर बंध जोडतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि तेवढी वाट बंद होते. उरलेल्या दोन हातांनी साखळी लांबत जाते, पण गोठत नाही. अल्किडमधली सर्वांत सुंदर युक्ती मला हीच वाटते.

माळव्यात मुबलक पिकणाऱ्या सोयाबीनचे तेल यासाठी चालते, पण ते थेट घालून भागत नाही. तेलात मेदाम्ले आधीच ग्लिसरॉलला जोडलेली असतात, त्यामुळे थॅलिक अनहायड्राइड मोकळ्या ग्लिसरॉललाच गाठते आणि तेल वेगळे राहते. म्हणून आधी तेल व ग्लिसरॉल उत्प्रेरकासह सुमारे २४० अंश सेल्सिअसला तापवून मेदाम्लांची फेरवाटणी करतात: तेलाचा एक रेणू आणि ग्लिसरॉलचे दोन यांपासून मुख्यतः मोनोग्लिसराइडे, म्हणजे एकेकच मेदाम्ल जोडलेले ग्लिसरॉल, बनतात. नमुना मिथेनॉलमध्ये स्वच्छ विरघळला की फेरवाटणी झाली असे समजून थॅलिक अनहायड्राइड घालतात, आणि सुटणारे पाणी झायलीन या द्रावकाच्या वाफेबरोबर काढून घेतात, कारण ते मागे राहिले तर एस्टर बंधांची घडण अडते.

मेदाम्लाची शेपटी अजून मोकळीच असते. सोयाबीन तेलात निम्म्याच्या आसपास असलेल्या लिनोलेइक आम्लाच्या १८ कार्बनांच्या शेपटीत दोन दुहेरी बंध असतात, आणि त्यांच्या मधल्या कार्बनवरचे हायड्रोजन सहज निघतात. तेथे ऑक्सिजन शिरून हायड्रोपेरॉक्साइड बनते, कोबाल्टचे संयुग ते फोडते आणि शेजारच्या साखळ्यांच्या शेपट्या एकमेकींत गुंततात. अर्धवट भरलेल्या डब्यातल्या रंगावर साय धरते ती याच कारणाने. जवसाच्या तेलात लिनोलेनिक आम्ल जास्त असल्याने ते लवकर वाळते खरे, पण पिवळेही पडते. पांढऱ्या दारासाठी सोयाबीन बरे.

एस्टर बंधाला अल्कली मात्र सोसत नाही. ओल्या, नव्या सिमेंट प्लास्टरवर हा रंग दिला तर त्यातला चुना मेदाम्ले सोडवून त्यांचा साबण करतो आणि पापुद्रा चिकट होतो, म्हणून भिंत पुरती सुकल्यावर अल्कली सोसणारा प्रायमर देऊनच ऑइल पेंट लावावा.