विमानतळावरची ‘शोजी’: एका शब्दाची पार्श्वभूमी

जानेवारी २०२३ मध्ये मोपाहून विमानं उडू लागली आणि दाबोळीसकट गोव्यात दोन टर्मिनलं झाली. टर्मिनलमधल्या तीस-पस्तीस चौरस मीटरच्या गाळ्यात जपानी रेस्टॉरंट बसवायचं म्हटलं, की नकाशावर आधी ‘शोजी’, म्हणजे जपानी घरातली सरकती जाळीदार झडप, येते. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जपानीत पूर्वी खोली विभागणाऱ्या सगळ्याच आडोशांना शोजी म्हणत. उजेड आत सोडणारी ती ‘अकारी-शोजी’, अपारदर्शक ती ‘फुसुमा’. पुढे शोजी हे नाव पहिलीपुरतंच उरलं: लाकडी पट्ट्यांची जाळी आणि तिच्या एका बाजूला खळीनं डकवलेला ‘वाशी’ हा जपानी कागद. आपल्याकडे मात्र कुठलीही चौकोनी जाळी शोजी ठरते, अगदी छापील लॅमिनेटसुद्धा. हे चुकीचंच आहे. शोजीचं काम उजेड गाळणं. ज्यातून उजेड येत नाही ती नुसती नक्षी.

टर्मिनलमध्ये कागद चालत नाही. तो पेटतो, आणि पावसाळ्यात खळीला बुरशी धरून सुटतो. त्याजागी अ‍ॅक्रिलिक सुचवलं जातं. तेही पेटतं आणि वितळून ठिबकतं. उरते दोन काचांमध्ये वाशीसारखं कापड दाबलेली लॅमिनेटेड काच. मग वजनाचा प्रश्न येतो. काच दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो भरते. ९०० × १८०० मिमीची, एकूण १० मिमी जाडीची झडप म्हणजे चौकट सोडून ४० किलो. कागदी झडप खालच्या खोबणीत सरकते आणि वरच्या खोल खोबणीत उचलून काढता येते. काचेची वरून टांगावी लागते, आणि तो भार फॉल्स सीलिंगवर टाकला की रूळ वाकतो, झडप अडकते. स्लॅबला भोक पाडायची परवानगी नसेल तर जमिनीवर उभी लोखंडी चौकट करावी. मागची एलईडी पट्टी काचेपासून निदान १०-१५ सेंटिमीटर दूर हवी, नाहीतर दिव्यांचे ठिपके दिसतात.

प्लायच्या नावातही अशीच गल्लत होते. आयएस (भारतीय मानक) ७१० ही मरीन प्लाय पाण्याला टिकते; आगीसाठी मानक वेगळं, आयएस ५५०९.

सुशीच्या काउंटरचा इतिहास त्यामानानं सरळ. एदोतल्या (जुन्या टोकियोतल्या) उभ्यानं खायच्या गाड्यांवरून तो आला, १९५८ साली ओसाकाकडे त्यावर फिरता पट्टा बसला, सेकंदाला साधारण ८ सेंटिमीटर वेगाचा. विमानतळावर त्यात भर एकच: काउंटरखाली ५५ सेंटिमीटरची केबिन बॅग उभी राहील एवढी पोकळी. ताटामीचा (जपानी गवती चटईचा) उंच ओटा इथे नकोच. बूट काढणं, बॅगा, व्हीलचेअर, काहीच जमत नाही.

खरं तर गोव्याकडे शोजीची बहीण आहे. काच महाग होती तेव्हा जुन्या घरांच्या खिडक्यांत लाकडी पट्ट्यांच्या खोबणीत शिंपल्यांचे चौकोनी काप सरकवत. उजेड तसाच दुधाळ, आणि शिंपला जळतही नाही. पण तो शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे नवा मिळवायचा मार्ग बंद. काचेच्या जाळीचं माप मात्र त्या खिडक्यांवरून घेता येतं.