आफ्रिकेच्या सरहद्दी : आखल्या कोणी, राखल्या कोणी

आफ्रिकेचा नकाशा बर्लिनच्या एका टेबलावर वाटला गेला, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. १५ नोव्हेंबर १८८४ ते २६ फेब्रुवारी १८८५ या काळात जर्मन चान्सलर बिस्मार्कच्या यजमानपदाखाली भरलेल्या परिषदेला १४ राष्ट्रांचे प्रतिनिधी होते आणि त्यांत एकही आफ्रिकी नव्हता, हा अन्याय निर्विवाद आहे. मात्र परिषदेने ठरवले ते मुख्यतः नियम : काँगो खोऱ्यात खुला व्यापार, काँगो आणि नायजर या नद्यांतून सर्वांना जलवाहतूक, आणि किनाऱ्यावर नव्याने हक्क सांगणाऱ्याने तेथे प्रत्यक्ष अंमल बसवण्याचे बंधन. बहुतेक सरहद्दी त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत, दोन-दोन सत्तांनी आपापसांत केलेल्या करारांतून उमटल्या.

हे करार कसे होत, हे समजून घ्यायचे तर नामिबियाच्या ईशान्य कोपऱ्यातून पूर्वेकडे गेलेली कॅप्रिव्ही पट्टी पाहावी. ती सुमारे ४५० किलोमीटर लांब असून काही ठिकाणी जेमतेम ३२ किलोमीटर रुंद आहे. १ जुलै १८९० च्या करारान्वये जर्मनीने झांझिबारवरील ब्रिटिश वर्चस्व मान्य केले आणि बदल्यात उत्तर समुद्रातील हेल्गोलांड बेटासह ही पट्टी मिळवली, कारण जर्मनीला झांबेझी नदीपर्यंत वाट हवी होती. त्या नदीवर खालच्या अंगाला व्हिक्टोरिया धबधबा असल्याने तेथून जहाजे हिंदी महासागरापर्यंत जाणे शक्यच नव्हते. तरीही पट्टी राहिली, आणि तिच्यासोबत तेथील माणसांचे देशही ठरून गेले.

गांबियाची सरहद्द १८८९ च्या ब्रिटिश-फ्रेंच करारातली. गांबिया नदीच्या दोन्ही काठांची ५० किलोमीटरहूनही कमी रुंदीची चिंचोळी भूमी म्हणजेच हा देश. समुद्राची बाजू सोडली तर त्याच्या चहूकडे सेनेगल आहे. त्यामुळे सेनेगलच्या उत्तर भागातून दक्षिणेकडच्या कासामान्स प्रांतात जाणाऱ्या ट्रकला एकतर दूरचा वळसा घ्यावा लागे, नाहीतर फाराफेन्नीजवळ नदीकाठी फेरीबोटीसाठी तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस, ताटकळावे लागे. तेथे पूल खुला झाला तो जानेवारी २०१९ मध्ये.

असे असूनही स्वतंत्र आफ्रिकेने या रेघा पुसल्या नाहीत. एकट्या १९६० साली १७ देश स्वतंत्र झाले, १९६३ मध्ये आदिस अबाबा येथे आफ्रिकी एकता संघटना स्थापन झाली आणि जुलै १९६४ मध्ये कैरोत तिने स्वातंत्र्याच्या वेळच्या सरहद्दी पाळण्याचा ठराव केला. मोरोक्को आणि सोमालिया यांना तो मान्य नव्हता. सोमाली लोक पाच प्रदेशांत विभागले गेले होते, आणि सोमालियाच्या झेंड्यावरील ताऱ्याची पाच टोके त्यांचीच आठवण देतात. आफ्रिकेच्या नकाशाचे श्रेय वा दोष बर्लिनला देताना कैरोचा उल्लेख टाळणे मला अन्यायाचे वाटते. हा निर्णय आफ्रिकी नेत्यांनी, रेघा हलवू लागलो तर युद्धांना अंत राहणार नाही, या जाणिवेने घेतला होता.

पुढे झालेले मोठे बदलही जुन्या रेघांवरूनच गेले. १९९३ मध्ये इथिओपियापासून वेगळ्या झालेल्या इरिट्रियाची सरहद्द मुळात इटालियन वसाहतीची. तिच्या तपशिलावरून दोन्ही देश १९९८ ते २००० या काळात लढले आणि नंतर सरहद्द ठरवण्यासाठी नेमलेल्या आयोगाला १९००, १९०२ व १९०८ चे करार तपासावे लागले. ९ जुलै २०११ रोजी जन्मलेल्या दक्षिण सुदानची उत्तर सरहद्दही १ जानेवारी १९५६ या सुदानच्या स्वातंत्र्यदिनी असलेल्या प्रांतसीमेवरून धरण्याचे ठरले. त्या रेषेवरचा अब्येई प्रदेश कोणाचा, हा प्रश्न मात्र तेव्हा सुटला नाही.