खड्डापद्धतीची विनानांगरट शेती (झांबिया व झिम्बाब्वे)

दक्षिण-मध्य आफ्रिकेतील छोट्या कोरडवाहू शेतकऱ्यांची मका पिकवण्याची पद्धत. सबंध रान नांगरायचे नाही. बी पडणार तेवढ्याच जागी कोरड्या ऋतूत कुदळीने खड्डे घ्यायचे, खत त्या खड्ड्यातच टाकायचे, पहिल्या चांगल्या पावसाला टोकण करायची आणि काढणीनंतर मक्याची ताटे रानातच आडवी करून ठेवायची. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने संवर्धित शेतीची तीन तत्त्वे सांगितली आहेत : मातीची कमीत कमी हालवाहलव, जमिनीच्या किमान ३० टक्के भागावर कायम आच्छादन आणि पिकांची फेरपालट. ही पद्धत त्या तत्त्वांचे हातकामाचे रूप आहे. व्यवहारात मात्र तिन्ही तत्त्वे एकत्र फार थोड्या शेतांवर दिसतात. खड्डे होतात, आच्छादन टिकत नाही आणि फेरपालट अर्धवट राहते. शेतकऱ्याला मदत करायची तर ती इथेच लागते. खड्डा कसा घ्यायचा हे एका सकाळीत शिकवून होते.

पार्श्वभूमी

या भागात पाऊस नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असा एकाच हंगामात पडतो आणि उरलेले वर्ष कोरडे जाते. कोरड्या ऋतूअखेर बैल हाडावर आलेले असतात. नांगर धरायचा तर पाऊस पडून जमीन भिजेपर्यंत थांबावे लागते. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला शेजाऱ्याची नांगरट संपेपर्यंतही थांबावे लागते. पहिल्या पेरणीयोग्य पावसानंतर जितके दिवस उशीर, तितके मक्याचे उत्पादन घटते. ही घट दिवसाला साधारण एक ते दोन टक्के धरली जाते, म्हणजे तीन आठवड्यांचा उशीर फार महागात पडतो. कोरड्यातच तयार ठेवलेल्या खड्ड्यांमुळे बिनबैलाचा शेतकरीही पहिल्या पावसाला पेरू शकतो. या पद्धतीचा सर्वांत खात्रीचा लाभ हाच. मातीची सुधारणा पुढे काही वर्षांनी दिसते, वेळेवरच्या पेरणीचा फायदा पहिल्याच हंगामात हाती येतो. झांबियाच्या दक्षिण प्रांतात गोचिडांमुळे पसरणाऱ्या थायलेरियाच्या रोगाने जनावरांचे कळप मेले, तेव्हा तिथे खड्डापद्धतीला जोर आला, त्याचे कारणही हेच.

झिम्बाब्वेत ब्रायन ओल्ड्रीव्ह या शेतकऱ्याने १९८०च्या दशकात हिंटन इस्टेट या मोठ्या शेतावर नांगरट सोडून दिली आणि पुढे हीच रीत छोट्या शेतकऱ्यांसाठी हातकुदळीवर बसवली. झांबियात १९९०च्या दशकाच्या मध्यापासून राष्ट्रीय शेतकरी संघाशी जोडलेल्या ‘कॉन्झर्वेशन फार्मिंग युनिट’ने तिचा प्रसार केला. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे मुख्यालय असलेल्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेने झिम्बाब्वेच्या कोरड्या भागात खड्ड्याला खताच्या अतिसूक्ष्म मात्रेची जोड दिली. २०२०-२१ च्या हंगामापासून झिम्बाब्वे सरकारने ‘फुम्वुद्झा’ या नावाने ती देशभर नेली. हा शोना भाषेतला शब्द नव्या पालवीच्या ऋतूसाठी वापरतात. एन्देबेले भाषेत तिला ‘इन्त्वासा’ म्हणतात.

कामाची रीत

झांबियात खड्डे ९० × ७० सेंमी अंतरावर घेतात. हेक्टरी सुमारे १५,८५० खड्डे बसतात. प्रत्येक खड्डा ३० सेंमी लांब, १५ सेंमी रुंद आणि २० सेंमी खोल असतो. यासाठी ‘चाका’ नावाची अरुंद पात्याची, वजनदार कुदळ वापरतात. तण काढायची रुंद, हलकी कुदळ इथे चालत नाही. ती माती खरवडते, खाली जात नाही आणि खड्डा पसरट होतो. वर्षानुवर्षे त्याच खोलीवर नांगर किंवा कुदळ चालल्याने जमिनीखाली जो कठीण थर बसलेला असतो तो फोडणे हाच २० सेंमी खोलीचा हेतू असतो. अर्ध्या वितीवरच थांबलेला खड्डा पाणी धरतो, पण मूळ खाली जाऊ देत नाही.

झिम्बाब्वेत खड्डा लहान, १५ सेंमी लांबी-रुंदी-खोलीचा असतो. ओळीतल्या खड्ड्यांतले अंतर ६० सेंमी आणि दोन ओळींतले ७५ सेंमी, कोरड्या भागात ९० सेंमी.

ओळी उताराला आडव्या धरायच्या. दोन खुंट्यांना ताणलेल्या दोरीवर ठरलेल्या अंतराने गाठी मारतात किंवा बाटलीची झाकणे दाबून बसवतात आणि प्रत्येक खुणेखाली एक खड्डा घेतात. दोरी सैल पडली की ओळी वाकतात. त्याचा त्रास त्या वर्षी कळत नाही, पुढच्या वर्षी कळतो. खड्डे दरसाल त्याच जागी घ्यायचे असतात आणि वाकड्या ओळीतला जुना खड्डा ताटांखाली सापडत नाही. शेतकरी मग नवा घेतो आणि सगळ्या मेहनतीची पुन्हा सुरुवात होते. जागा टिकली तर दुसऱ्या वर्षापासून खोदाई बरीच हलकी होते, शिवाय मागल्या खताचा अंश आणि कुजलेली मुळे नव्या पिकाला मिळतात.

खोदाईचा काळ काढणीनंतर लगेचचा, जमिनीत थोडी ओल असताना. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत लांबवले तर जमीन दगडासारखी होते आणि काम दुपटीने जड जाते. खोदलेली माती उताराच्या खालच्या अंगाला ठेवायची, म्हणजे तिचा बांध होतो.

खड्ड्यात आधी एक-दोन ओंजळी शेणखत पडते. आम्ल जमिनीत चुनाही टाकतात. झांबियातली शिफारस हेक्टरी २०० किलोची आहे, म्हणजे खड्ड्यागणिक १२-१३ ग्रॅम. सबंध रानावर फेकला असता तर इतका चुना कुठल्याच कामाचा नव्हता, खड्ड्यात तो पुरतो. त्यावर ‘कंपाउंड डी’ हे मिश्रखत बिअरच्या बाटलीच्या झाकणाने मोजून घालायचे आणि थोड्या मातीने झाकायचे. बी आणि खत एकमेकांना लागले तर कोंब जळतो. खड्डा काठोकाठ भरायचा नाही, वर पाणी साठायला खोलगट जागा ठेवायची.

पेरणीची खूणही खड्ड्यातच आहे. पाऊस इतका झाला पाहिजे की खड्डे पाण्याने भरतील. पाणी मुरले की दुसऱ्या दिवशी तीन-चार दाणे टोकायचे आणि पाच सेंमी भुसभुशीत मातीने झाकायचे. किरकोळ सरीवर पेरलेले बी उगवून वाळते. उगवणीनंतर विरळणी करून झिम्बाब्वेत दोन, झांबियात तीन रोपे ठेवतात. विरळणीला हात धजत नाही, जगलेले रोप उपटणे कुणालाही जड जाते. पण कोरड्या वर्षी एकाच खड्ड्यातली दाट रोपे एकमेकांचे पाणी पितात आणि कणसात दाणा भरत नाही. मका पाच-सहा पानांवर आला की जमीन ओली असताना अमोनियम नायट्रेटचे एक सपाट झाकण, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, प्रत्येक खड्ड्यात झाडांशेजारी द्यायचे. ९० × ६० सेंमी अंतरावर हे हेक्टरी सुमारे ८३ किलो होते.

ज्यांच्याकडे बैल आहेत त्यांना खड्ड्यांचा आग्रह करू नये. त्यांच्यासाठी ‘मागोये रिपर’ हे अवजार आहे. नेहमीच्या नांगराच्या दांडीला फाळाऐवजी ते बसते आणि माती न उलटता फक्त एक चीर पाडत जाते. त्याचे टोक झिजले की चीर उथळ पडते, म्हणून सुटे टोक जवळच्या दुकानात मिळते का हे अवजार वाटण्याआधी पाहावे.

फुम्वुद्झाचे गणित

या योजनेचा वाफा ३९ × १६ मीटरचा असतो. त्यात ५२ ओळी, ओळीत २८ खड्डे, एकूण १,४५६. वर्षाचे आठवडे ५२, म्हणून एका ओळीने कुटुंबाला एक आठवडा जेवू घालावे ही कल्पना. लक्षात ठेवायला इतकी सोपी मांडणी क्वचितच कुणी केली असेल. लहान, हाताच्या आवाक्यातला तुकडा नीट करायचा हा तिचा आग्रहही योग्य आहे. पण ओळीमागे २० लिटरची बादलीभर, म्हणजे सुमारे १७ किलो, दाणा धरला तर ६२४ चौरस मीटरमधून जवळपास ९०० किलो होतात. हे हेक्टरी १४ टनांहून अधिक उत्पादन झाले. कोरडवाहू छोट्या शेतकऱ्याचा मका त्या भागात बहुधा हेक्टरी एक-दीड टनावर असतो. हा आकडा वचन म्हणून सांगितला की पहिल्याच काढणीला विश्वास तुटतो. एका वाफ्याने वर्ष निघत नाही म्हणूनच प्रत्यक्षात घरामागे अनेक वाफे करवून घेतले जातात आणि मग खोदाईचा बोजा पुन्हा वाढतो. झिम्बाब्वेत लोकांनी खड्ड्यांना ‘धिगा उफे’, म्हणजे ‘खोद आणि मर’, असे नाव ठेवले. प्रसारकांनी ते थट्टा म्हणून सोडून देऊ नये, ती मजुरीबद्दलची नेमकी तक्रार आहे.

तण आणि आच्छादन

नांगर मातीबरोबर तणही उलथतो. नांगर थांबला की पहिली दोन-तीन वर्षे तण उसळते. हंगामात चार ते सहा खुरपण्या लागतात आणि त्या बहुतेक ठिकाणी बायकांच्या माथी येतात. नांगरटीत वाचवलेला वेळ खुरपणीत जातो. पद्धत सोडून देण्याची जी कारणे शेतकरी सांगतात त्यांत हे पहिल्या रांगेत असते. उपाय कष्टाचाच आहे : तण बोटभर असताना काढायचे आणि काढणीनंतर कोरड्या ऋतूतही एक खुरपणी करून बी धरू द्यायचे नाही. ही शेवटची खुरपणी तीन-चार वर्षे सलग झाली तर तणाचा भार खरोखर उतरतो. ती चुकली तर दरसाल पहिले वर्ष.

तणनाशकाने वेळ वाचतो. उगवणीपूर्वी ग्लायफोसेट मारायची रीत झांबिया-मलावीत रुळली आहे. मात्र पाठीवरचा पंप गळका, हातमोजे नाहीत, पाण्याचे माप अंदाजे, अशा स्थितीत फवारणाऱ्याच्या अंगावर औषध येते. ॲट्राझिन हे दुसरे तणनाशक मारले की मक्यात चवळी किंवा भुईमूग घेता येत नाही. रानात आपोआप उगवणाऱ्या पालेभाज्याही मरतात, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला, घरातले धान्य संपत आलेले असताना, त्याच भाज्यांवर ताट भागते.

आच्छादनाचा प्रश्न याहून अवघड आहे. ३० टक्के जमीन झाकायला हेक्टरी दोन-तीन टन ताटे लागतात. एक टन मका पिकवणाऱ्या शेतात मुळात तेवढी ताटे निघत नाहीत. निघतात तीही शेताच्या मालकाची राहत नाहीत : काढणीनंतर शिवार गावच्या गुरांना मोकळे असते आणि एकट्याने कुंपण घालणे गावाला रुचत नाही. उरलेले वाळवी खाते, किंवा उंदीर धरण्यासाठी लावलेल्या वणव्यात जाते. म्हणून हा निर्णय शेतकऱ्याशी नव्हे, गावप्रमुख आणि गुरे राखणाऱ्यांशी बोलून घ्यावा लागतो : कोणत्या रानात गुरे कधी सोडायची, आग कुणी लावायची नाही. ज्या घरी गुरे आहेत त्याला सगळी ताटे रानात ठेवायला सांगणे म्हणजे बैलांना उपाशी ठेवायला सांगणे. त्याने घराजवळचा एकच वाफा झाकावा, बाहेरून गवत कापून आणावे आणि उरलेला चारा जनावरांना घालून शेणखत खड्ड्यात परत आणावे, हा व्यवहार जमतो.

आच्छादनाने एक उलट परिणामही होतो. मक्याच्या ताटांत कर्ब फार, नत्र थोडे. ती कुजताना सूक्ष्मजीव मातीतले नत्र ओढून घेतात आणि कोवळा मका पिवळा पडतो. शेतकरी दोष आच्छादनाला देतो आणि पुढच्या वर्षी ते पेटवतो. खत मुळाशी आणि थोडे लवकर द्यावे, किंवा आधीच्या हंगामात कडधान्य घ्यावे. चांगला पाऊस पडणाऱ्या किंवा भारी जमिनीच्या भागात खड्ड्यांत पाणी तुंबते आणि मुळे सडतात. वर्षाला १,००० मिमीच्या पुढे पाऊस असेल तिथे खड्डे घेऊ नयेत, चीर पाडून किंवा काठीने टोकण करावी.

फेरपालट

शिफारस अशी की एक तृतीयांश रान चवळी, भुईमूग, सोयाबीन अशा द्विदलांना द्यावे. मराठी शेतकऱ्याला बेवड, म्हणजे पीक पालटल्याचा जमिनीला होणारा लाभ, सांगावा लागत नाही, आफ्रिकेतल्या शेतकऱ्यालाही तो ठाऊक असतो. अडचण बाजाराची आहे. मका घरात खाता येतो आणि कुठेही विकतो, द्विदलाचे बियाणे महाग आणि गिऱ्हाईक दूर. याचा एक धागा आपल्याकडे येतो. दक्षिण मलावी आणि मोझांबिकमध्ये मक्यात तूर घेतात, खोल मुळांची आणि पाला गाळून जमीन झाकणारी. तिचे मोठे गिऱ्हाईक भारत. २०१६-१७ ला महाराष्ट्रासह देशात तुरीचे अमाप पीक आले, भाव कोसळले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तूर आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. तिकडच्या शेतकऱ्याचा भावही त्याबरोबर पडला, आणि भाव नसलेले पीक फेरपालटीत टिकत नाही.

झांबियात ‘मुसांगू’ या झाडाचीही शिफारस आहे. हे बाभूळवर्गीय झाड पावसाळ्यात पाने गाळते आणि उन्हाळ्यात हिरवे असते, त्यामुळे पिकावर सावली येत नाही आणि पाला खत होतो. १० × १० मीटरवर हेक्टरी शंभर रोपे लावतात. फायदा दिसायला दहा वर्षांच्या पुढे जावे लागते, म्हणून ज्याची जमीन खात्रीने त्याच्याच घरात राहणार आहे तोच ते लावतो.

परिणाम

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकेतील अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या एका विश्लेषणात संवर्धित शेतीने सरासरी उत्पादनवाढ केवळ चार टक्क्यांच्या आसपास आढळली. कमी पावसाच्या भागात, तिन्ही तत्त्वे पाळलेल्या शेतांत ती जास्त होती. नुसती नांगरट बंद करून आच्छादन न ठेवणाऱ्या शेतांत फायदा जवळपास दिसत नाही, अनेकदा उत्पादन घटते. २०२३-२४ च्या एल निनोच्या दुष्काळात, ज्यासाठी झांबिया, मलावी आणि झिम्बाब्वेने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली, फुलोऱ्यात पाऊस गेला तिथे खड्ड्यातला मकाही वाळला. खड्डा दोन-तीन आठवड्यांची उघडीप काढून देतो, त्याहून अधिक नाही.

किती शेतकऱ्यांनी पद्धत स्वीकारली याचे आकडे वाचताना मोजणी कशी झाली ते पाहावे. बियाणे-खत फुकट मिळण्याची अट एक वाफा खोदण्याची असेल तर वाफा खोदला जातो, आणि वाटप थांबले की तो नांगरला जातो. खरी मोजणी वाटप संपल्यानंतर तिसऱ्या हंगामात, जुन्याच खड्ड्यांवर पेरणी झाली आहे का हे रानात जाऊन पाहण्याची.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले ‘सगुणा तंत्र’ याच कुळातले आहे. त्यात कायम गादीवाफ्यांवर टोकण करतात आणि धसकटे मुळांसह जमिनीतच कुजू देतात. वाफा कायम, जागा कायम, मुळे जमिनीत, हा गाभा दोन्हीकडे सारखा. पण कोकणातला गादीवाफा जादा पाण्याचा निचरा करतो आणि झांबियातला खड्डा पाणी अडवतो, म्हणून एकीकडची मापे दुसरीकडे चालत नाहीत.