गिटार ॲम्प व स्पीकर कॅबिनेट यांची जुळणी

इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प (सिग्नल मोठा करणारे यंत्र) ज्या कॅबिनेटला (स्पीकरच्या खोक्याला) जोडायचा त्याचा स्वभाव आणि ते ठेवायची जागा पाहून ॲम्पचे नॉब बसवण्याची पद्धत. या कामाची दोन अंगे आहेत. एक विजेचे : ॲम्प आणि स्पीकर यांचे ओहम (विजेला होणाऱ्या रोधाचा आकडा) जुळवणे. दुसरे कानाचे : गेन (सिग्नल आधी किती चढवायचा, म्हणजे आवाज किती फाटवायचा), बेस, मिड, ट्रेबल (खालचे, मधले, वरचे सूर), प्रेझेन्स (वरच्या सुरांची धार) आणि व्हॉल्यूम यांची मांडणी. पहिल्यात चूक झाली तर ॲम्प जळू शकतो. दुसऱ्यात झाली तर गिटार ऐकूच येत नाही, नाहीतर गिटारशिवाय दुसरे काही ऐकू येत नाही.

गोव्यातल्या वादकाला हा विषय टाळता येत नाही, कारण त्याच्या कामाची जागा सतत बदलते. आज बार्देशातल्या हॉलमध्ये लग्न, उद्या सासष्टीत चर्चच्या फेस्ताचा मांडव, परवा किनाऱ्यावरचा शॅक, मध्येच कधी मडगावच्या रवींद्र भवनात किंवा पणजीच्या कला अकादमीत कार्यक्रम. बारा-इंची चार स्पीकरचे खोके स्कूटरवरून नेता येत नाही. हेड (स्पीकर नसलेला सुटा ॲम्प) किंवा पेडलबोर्ड (आवाज बदलणाऱ्या पेडलांची पाटी) आपले आणि कॅबिनेट साउंडवाल्याचे, अशी वाटणी त्यामुळे सोयीची पडते. मग काल छान वाजलेल्या ॲम्पचा मोबाइलवर काढून ठेवलेला फोटो आज काही कामाचा राहत नाही. नॉबवरचा आकडा फक्त नॉब किती फिरवला ते सांगतो. आवाज किती बदलेल ते कॅबिनेट आणि खोली ठरवतात.

कॅबिनेटचा स्वभाव

गाणी ऐकण्याच्या स्पीकरकडून सगळे सूर सारखे उमटावेत अशी अपेक्षा असते. गिटारच्या स्पीकरकडून ती कोणी करत नाही. साधारण ७५ हर्ट्झच्या खाली आणि ५,००० हर्ट्झच्या वर त्याचा आवाज झपाट्याने उतरतो, आणि मधल्या पट्ट्यात प्रत्येक स्पीकरचे स्वतःचे चढउतार असतात. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर बोलते, म्हणजे खालची मर्यादा तिला पुरेशी आहे. वरची मर्यादा तर वरदानच म्हणायची. डिस्टॉर्शनमधून (मुद्दाम फाटवलेल्या आवाजातून) निघणारे कर्कश उपस्वर तिथेच गाळले जातात. कॅबिनेट वगळून तोच सिग्नल सरळ पीएवर (श्रोत्यांसाठीच्या मोठ्या ध्वनिव्यवस्थेवर) दिला तर पत्रा खरवडल्यासारखा आवाज येतो.

कॅबिनेटची पाठ उघडी आहे की बंद, हे आधी बघावे. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब, व्हॉक्सचा एसी३०, रोलंडचा जेसी-१२० यांची पाठ पूर्ण किंवा अर्धवट उघडी असते. कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या कागदी पडद्याच्या) मागून निघणारा आवाज पुढच्या आवाजाच्या उलट फेजमध्ये असतो, म्हणजे पुढे हवा ढकलली जाते तेव्हा मागे ओढली जाते. तो कडेने वळून पुढे आला की खालचे सूर काही प्रमाणात खोडले जातात. त्यामुळे बेस हलका आणि सैल लागतो, पण आवाज खोलीभर पसरतो. बंद पाठीच्या खोक्यात मागचा आवाज अडकून पडतो, आतली हवा कोनला आवर घालते आणि १०० हर्ट्झच्या आसपासचा भाग गच्च, ठोसेदार होतो. असे कॅबिनेट समोरच्यावर रोखलेले असते, बाजूला उभ्या माणसाला त्यातले फारसे मिळत नाही.

चार बारा-इंची स्पीकरचे बंद कॅबिनेट आज रॉकची ओळख मानले जाते, पण त्याचा जन्म अडचणीतून झाला. १९६०च्या दशकात लंडनमध्ये जिम मार्शल यांचे ॲम्प मोठे होत गेले, तेव्हा सेलेशन या कंपनीचा एकेक स्पीकर २०-२५ वॉटच पेलत असे. म्हणून चार स्पीकर एका खोक्यात बसवले गेले. आता एकेक स्पीकर ६०-७५ वॉट सहज घेतो, तरी चाराचे खोके टिकून आहे. छोट्या हॉलमध्ये ते आणणे हा बहुतेक वेळा दिखावा असतो.

खोके तेच ठेवून आतले स्पीकर बदलले तरी आवाज बदलतो. सेलेशनचा व्हिंटेज ३० एका वॉटला एका मीटरवर १०० डेसिबल देतो, जी१२टी-७५ हा ९७. तीन डेसिबल म्हणजे ॲम्पची ताकद दुप्पट करण्याइतका फरक, तोही नॉबला हात न लावता. व्हिंटेज ३० वरच्या मिडमध्ये पुढे येतो. त्यावर प्रेझेन्स आणि ट्रेबल चढवले तर पहिल्या रांगेतले लोक कानावर हात ठेवतात. जी१२टी-७५ मध्ये मिड दबलेला आणि खालचा-वरचा भाग उठलेला असतो, तिथे मिडचा नॉब पुढे न्यावा लागतो. सेलेशनचाच २५ वॉटचा ग्रीनबॅक दाब वाढला की मऊ होतो आणि आवाज गोळा करून आणतो. त्यावर बेस कमीच ठेवलेला बरा.

ओहम

स्पीकरचा रोध ४, ८ किंवा १६ ओहम असा लिहिलेला असतो. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली तर एकूण ४ ओहम होतात, एकामागे एक जोडली तर १६. ट्यूब ॲम्पच्या (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्पच्या) आउटपुट ट्रान्सफॉर्मरला या आकड्यांप्रमाणे वेगवेगळी टोके असतात, आणि मागच्या पॅनेलवरचा स्विच कॅबिनेटच्या आकड्यावर लावायचा असतो. दुपटीची तफावत काही ट्यूब ॲम्प सोसतात, पण निर्मात्याने तसे सांगितल्याशिवाय हे गृहीत धरू नये. कॅबिनेट न जोडताच ट्यूब ॲम्प वाजवणे सर्वांत घातक : ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उठते आणि ट्यूबचे सॉकेट किंवा ट्रान्सफॉर्मरच जातो. ट्रान्झिस्टर ॲम्पचे उलट आहे. त्याला लोड (जोडलेला स्पीकर) नसला तरी सहसा चालते, पण ठरलेल्या किमान ओहमपेक्षा कमी दिले की तो तापतो. जास्त ओहम दिले तर फक्त ताकद घटते. ४ ओहमवर १०० वॉट देणारा ॲम्प ८ ओहमवर ५०-६० वॉटांवर येतो.

मार्शलच्या १९६० या नावाच्या कॅबिनेटवर ४ व १६ ओहम मोनो आणि ८ ओहम स्टिरिओ असे पर्याय एकाच पॅनेलवर आहेत. भाड्याने फिरलेल्या खोक्यावरचा स्विच शेवटी कोणी कुठे ठेवला याचा नेम नाही, स्टिकरही निघून गेलेले असते. अशा वेळी स्पीकर केबल कॅबिनेटला लावून तिच्या दुसऱ्या टोकावर मल्टिमीटर धरावा. डीसी वाचन लिहिलेल्या ओहमपेक्षा थोडे कमी येते : ८ ओहमच्या कॅबिनेटचे साधारण ६ ते ७, १६च्याचे १२-१३. काहीच वाचन आले नाही तर तार सुटली आहे किंवा कॉइल जळली आहे. जोडणीची केबलही स्पीकरचीच हवी. गिटारची शील्डवाली केबल दिसायला तशीच असते, पण तिची आतली तार बारीक असते. मोठ्या आवाजात ती तापते, ताकद खाते आणि एखादे वेळी वितळतेही.

नॉब बसवताना

अनेक जण सगळे नॉब मध्यावर ठेवून सुरुवात करतात आणि त्याला सपाट आवाज समजतात. फेंडर व मार्शल घराण्यातल्या ॲम्पचे टोन नॉब निष्क्रिय असतात, ते सिग्नलमधून फक्त काढून घेतात आणि एकमेकांवर परिणाम करतात. मध्यावर ठेवले तरी ५०० हर्ट्झच्या आसपास मिडमध्ये खळगा राहतोच. फेंडरच्या ब्लॅकफेस (काळ्या पॅनेलच्या) डिलक्स रिव्हर्बला तर मिडचा नॉबच नाही. त्यावर मिड हवा असेल तर बेस आणि ट्रेबल दोन्ही खाली आणून व्हॉल्यूम वाढवावा लागतो. एसी३०वरचा कट हा नॉब उलटा चालतो, वाढवला की ट्रेबल कमी होतो. अनोळखी ॲम्पवर हे आधी फिरवून पाहावे.

प्रेझेन्सचा नॉब बऱ्याच ॲम्पमध्ये पॉवर विभागात, निगेटिव्ह फीडबॅकच्या वाटेवर (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत देणाऱ्या वाटेवर) काम करतो. स्पीकरचा खरा रोध सुरागणिक बदलतो : अनुनादाच्या जागी, म्हणजे बहुधा ५५ ते १०० हर्ट्झमध्ये, तो उसळतो आणि वरच्या सुरांकडे पुन्हा चढत जातो. ट्यूब ॲम्प या चढउतारांना दाद देतो, ट्रान्झिस्टर ॲम्प फारशी देत नाही. म्हणूनच कॅबिनेट बदलल्याचा फरक ट्यूब ॲम्पवर अधिक जाणवतो.

कार्यक्रमात जेवढा आवाज लागणार तेवढ्यावर व्हॉल्यूम आधी आणावा आणि मग टोनला हात लावावा. जाड तार तळहाताने दाबून वाजवत बेस ठरवावा. उघड्या पाठीवर तो ५-६ असेल तर बंद ४×१२ वर (चार बारा-इंची स्पीकरच्या खोक्यावर) ३-४ पुरतो. कुठून सुरुवात करायची एवढ्यापुरतेच हे आकडे. गेन घरच्यापेक्षा कमी ठेवावा, कारण मोठ्या आवाजात पॉवर ट्यूब आणि स्पीकर स्वतःची भर घालतात. मिड एकट्याने वाजवून ठरवू नये, बँडसोबत ठरवावा. एकट्याला गोड वाटणारा, मिड काढलेला आवाज ड्रम्स आणि बेस गिटार सुरू झाले की गायब होतो. तियात्राच्या (गोव्यातल्या कोकणी संगीतनाट्याच्या) बँडमध्ये ट्रंपेट आणि सॅक्सोफोन मिडची जागा आधीच अडवून बसलेले असतात आणि कांताराचे (तियात्रातल्या गाण्याचे) शब्द श्रोत्यांपर्यंत पोहोचणे सर्वांत महत्त्वाचे असते. तिथे मात्र गिटारने मिड जरा सोडून देणेच शहाणपणाचे.

ट्रेबल शेवटी, आणि तो श्रोत्याच्या जागी उभे राहून. बारा-इंची कोनच्या व्यासाइतकी तरंगलांबी सुमारे १,१०० हर्ट्झला येते. त्याच्या वरचे सूर झोतासारखे सरळ पुढे जातात. कॅबिनेट जमिनीवर आणि वादक दोन हातांवर उभा असेल तर तो झोत त्याच्या गुडघ्यांवर पडतो. आवाज बोथट वाटला म्हणून तो ट्रेबल वाढवत राहतो आणि समोरचे हैराण होतात. कॅबिनेट मागे कलते करावे किंवा खुर्चीवर ठेवावे. नॉबच्या निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटतात.

जागा

कॅबिनेट भिंतीला टेकले की बेस वाढतो, कोपऱ्यात आणखी वाढतो. फळ्यांच्या पोकळ स्टेजवर पाटच घुमू लागतो. तिथे बेस कमी करण्याआधी खोके उचलून स्टँडवर घ्यावे. उघड्या पाठीचे कॅबिनेट भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ठेवले नाही तर मागून परतणारा आवाज पुढच्यात मिसळून चिखल होतो.

गोव्यातल्या जुन्या घरांत आणि हॉलमध्ये गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती आणि टाइल्सची जमीन असते. अशा खोलीत रिव्हर्ब (ॲम्पमधला घुमारा) जवळजवळ बंद ठेवावा, प्रेझेन्स उतरवावा. हॉल रिकामा असताना केलेला साउंडचेक लोक भरल्यावर खोटा ठरतो, कारण माणसे आणि कपडे वरचे सूर पितात. साउंडचेकला ट्रेबल किंचित टोचत असेल तर तो तसाच राहू द्यावा. शॅकमध्ये उलट परिस्थिती. भिंती नाहीत, झावळ्यांचे छप्पर, समोर समुद्र. बेसला आधार देणारे काही नसते आणि उघड्या पाठीचा छोटा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) तिथे पातळ वाजतो. बंद पाठीचे १×१२ किंवा २×१२ तिथे खरे उपयोगाचे. पत्र्याखालच्या मांडवात मुख्य शत्रू म्हणजे थरथरणारा पत्रा. तो ज्या सुरावर वाजू लागतो तो शोधून बेस तेवढाच खाली घ्यावा.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवावे लागतात. सरकारने जाहीर केलेल्या वर्षातल्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते. दहा वाजले की कार्यक्रम आत हलतो, आवाज खाली येतो आणि ॲम्प अचानक निर्जीव वाटू लागतो. ॲम्प तोच असतो, बदलतो तो कान. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज लहान असताना खालचे आणि वरचे सूर कानाला मिडपेक्षा कमी लागतात. म्हणून हळू वाजवताना बेस व ट्रेबल थोडे वाढवावे. घरी हळू आवाजात सजवलेली मांडणी स्टेजवर बोजड आणि टोचरी होते, तीही याच कारणाने.

माइक आणि मॉडेलर

मोठ्या सभागृहात श्रोते कॅबिनेट ऐकतच नाहीत, ते त्याच्यासमोरचा माइक ऐकतात. शुअरचा एसएम५७ कोनच्या मधल्या टोपीसमोर धरला तर आवाज तिखट, कडेकडे सरकवला तर मऊ होतो. तिथे साउंडवाल्याशी बोलून माइक दोन बोटे सरकवणे हे ट्रेबलच्या नॉबपेक्षा परिणामकारक असते.

डिजिटल मॉडेलरमध्ये (ॲम्पची नक्कल करणाऱ्या यंत्रात) कॅबिनेटची नक्कल आतच असते. सिग्नल पीएवर जाणार असेल तर ती चालू हवी, खऱ्या गिटार कॅबिनेटवर जाणार असेल तर बंद. दोन्ही एकावर एक आले की आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबतो आणि वादक उगाच ट्रेबलशी झटत बसतो.

वीज आणि पावसाळा

अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प आपल्या २३० व्होल्टवर सरळ लावता येत नाही; पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. गावात व्होल्टेज पडले तर ट्यूब ॲम्पचा आवाज लवकर फाटू लागतो आणि बेस ढिला होतो. अशा रात्री गेन आणि बेस दोन्ही खाली घ्यावे. जून ते सप्टेंबरची दमट हवा कागदी कोनमध्ये शिरते, कापडावर बुरशी धरते, आणि खारा वारा जॅकच्या आतल्या पितळी पट्टीवर हिरवा थर चढवतो. कॅबिनेटच्या जॅकमधली खरखर दुर्लक्षून चालत नाही. संपर्क तुटला त्या क्षणी ट्यूब ॲम्प लोडशिवाय वाजत असतो, म्हणून खरखर ऐकू येताच ॲम्प स्टँडबायवर (वीज चालू, आवाज बंद) टाकावा, आणि जॅक साफ केल्यावरच पुन्हा चालू करावा.